देवगडचं पेटलेलं पाणी मिरजेत आणलं, पण मीटर ढिम्म! समुद्राचा हा उजेड मोजायचा कसा?

मीटरवाला_मिरज

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी मिरजेत लॅबची यंत्रं दुरुस्त करतो. फ्लेम फोटोमीटर, सेंट्रिफ्यूज, थायरॉईडची मशीन, जे दारात येईल ते. एकोणीस वर्षं झाली. समुद्राशी माझा संबंध आठवड्यातून एकदा ताटात येणाऱ्या बांगड्यापुरता.

डिसेंबरात देवगडला मेहुण्यांच्या घरी कार्य होतं. रात्री जेवणं उरकल्यावर पोरं वाळूत गेली आणि थोरली पळत आली, "पप्पा, पाण्याला करंट आलाय!" जाऊन बघतो तर लाट फुटली की तिच्या कडेला निळी रेघ. ओल्या वाळूत टाच दाबली की टाचेच्या भोवती ठिणग्या. धाकटीनं तर पाण्यात नाचून नाचून फ्रॉक भिजवला आणि आईचा मार खाल्ला. बाकीचे मोबाईल काढून बसले. माझ्या डोक्यात एकच किडा: ह्याचं रीडिंग किती येईल?

आता माझ्याकडे काय आहे ते सांगतो. थायरॉईडची टीएसएच तपासणी करणाऱ्या मशीनमध्ये रक्ताच्या नमुन्यात रसायन मिसळून बारीकसा उजेड पाडतात आणि तो फोटोमल्टिप्लायर ट्यूबनं मोजतात. डोळ्याला काहीही दिसत नाही, ट्यूब मात्र एकेक फोटॉन टिपते. असं एक जुनं डिटेक्टर हेड भंगारातून काढून मी चालू करून ठेवलंय. म्हटलं, टीएसएचचा उजेड मोजतं तर समुद्राचा का नाही?

पाण्याचा वीस लिटरचा कॅन भरला, बूच घट्ट आवळलं, ईकोच्या मागं टाकला आणि फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर करत पहाटे मिरजेत. दिवसभर कॅन घोंगडीत गुंडाळून ठेवला. रात्री वर्कशॉपचं शटर पाडून, फटींना काळी टेप लावून बसलो. ट्यूबसमोर काहीच नसताना सेकंदाला ३००च्या आसपास काउंट येतात, ते ट्यूबचे स्वतःचे. समुद्राच्या पाण्याची बाटली लावली, ३१०. हलवली, ३४०. परत ३१०. दुसरी बाटली, तेच. डोळ्यालाही काही दिसेना. बायको म्हणाली, "प्रवासानं दमलं असेल ते." मी म्हटलं, पाणी काय दमतंय.

हट्टाला पेटलो. जानेवारीत मशीनच उचलून देवगडला नेलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. बादलीभर पाणी, वर काळी ताडपत्री, आत हेड. लाकडी डावानं एकदा ढवळलं तर काउंटर पार अडकला, स्केलच्या बाहेर. दुसऱ्यांदा ढवळल्यावर आकडा आला. तिसऱ्यांदा त्याच्या निम्म्यानं. पाचव्यांदा जवळपास काही नाही. पाच पावलांवरून दुसरी बादली आणली, तिचे आकडे निराळेच. हळू ढवळलं की वेगळं, जोरात ढवळलं की वेगळं.

आमच्या धंद्यात एकच सॅम्पल तीनदा लावून तीन वेगळे आकडे आले तर मशीन खराब, असा हिशेब असतो. इथं मशीन ठणठणीत आहे, कंट्रोल (आधीच माहीत असलेल्या आकड्याचा नमुना) लावून बघितलंय. मग समुद्राचा खरा आकडा कुठला धरायचा? आणि कॅनमधलं पाणी मेलं का? जाणकारांनी सांगावं. "गूगल करा" म्हणणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

तासगावचा_द्राक्षवाला

दादा, एवढ्या लांब कशाला जाताय? हळद स्पिरिटमध्ये विरघळवा आणि नोटा तपासायचा यूव्ही दिवा मारा. अशी हिरवीगार चमकते की बघत राहाल. सांगलीत हळदीला तोटा आहे व्हय?

प्लवकवाली_रत्नागिरी

द्राक्षवाले दादा, हळद चमकते ते बाहेरून दिवा मारल्यावर. दिवा बंद, चमक बंद. देवगडचं पाणी स्वतः उजेड करतं, त्याला बाहेरचा दिवा लागत नाही. दोन्ही सुंदर, पण गोष्टी दोन आहेत.

मीटरवाले दादा, मी प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर काम करते. तुमचा प्रश्न वाचून हसूही आलं आणि आदरही वाटला, कारण समुद्रात हा उजेड मोजणारे सगळे जण ह्याच खड्ड्यात पडून मग वर आलेत. आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांचं निदान बरोबर आहे.

आपल्या किनाऱ्याला थंडीत जे चमकतं ते बहुतेक वेळा नॉक्टिल्युका सिंटिलान्स. एकपेशीय जीव, पण पेशीच्या मानानं अवाढव्य, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून मोठाही. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडासमोर धरलंत तर भिजलेल्या साबुदाण्याची कणी तरंगावी तसे ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतील. ह्या पेशीत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य आणि त्याला पेटवणारं ल्युसिफरेज हे विकर बारीक बारीक पुड्यांत भरलेलं असतं. पाण्याचा झोत पेशीवर घासला की तिच्या पडद्यावर विजेचा संदेश धावतो, पुड्यांत आम्लता वाढते आणि निळी ठिणगी पडते. ठिणगी टिकते सेकंदाचा दहावा भाग, किंवा त्याहून कमी. बस.

आता तुमचा कॅन. एका पेशीत मसाला मोजका. पहिली ठिणगी सगळ्यात मोठी, पुढच्या लहान होत जातात, आणि परत भरायला काही तास अंधारात निवांत पडून राहावं लागतं. तुम्ही त्यांना बंद कॅनमध्ये फोंडा घाट दाखवलात. प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला ती बिचारी पेटत होती. मागं वळून कुणी बघितलं असतं तर डिकीत दिवाळी दिसली असती. त्यात बूच घट्ट, म्हणजे प्राणवायू कमी, आणि नॉक्टिल्युका इतकी नाजूक की नुसत्या खळखळाटानंही फुटते. एक विचारते, कॅन आधी कशानं धुतला होता?

मीटरवाला_मिरज

नळाच्या पाण्यानं. थोडं तळाला राहिलंही असेल. गोड पाण्यानं काय होतंय?

प्लवकवाली_रत्नागिरी

खाऱ्या पाण्यातल्या पेशीवर गोडं पाणी पडलं की ती पाणी शोषून फुगते आणि फुटते. फुटताना एकदा झक्क पेटते, तेवढंच. कृष्णामाईचा प्रसाद त्यांना मानवला नाही. पुढच्या वेळी कॅन समुद्राच्याच पाण्यानं दोनदा विसळायचा, पाऊण भरायचा, बूच सैल ठेवायचं. पण त्याहून बरं म्हणजे पाणी आणायचंच नाही, मोजमाप तिथंच करायचं.

आता "खरा आकडा कुठला" ह्याबद्दल. दादा, न ढवळता ह्या पाण्याचा उजेड जवळपास शून्य आहे. ढवळलं तर जितकं ढवळाल तितका. म्हणून समुद्रावर काम करणारे "पाणी किती उजेड देतंय" असं विचारतच नाहीत. ठरलेल्या पद्धतीनं हलवलं तर एक लिटर पाणी एकूण किती उजेड देऊ शकतं, एवढंच विचारतात. त्याला बायोल्युमिनेसन्स पोटेन्शियल म्हणतात. आपण दीप्तिक्षमता म्हणू.

त्यासाठीच्या यंत्राला बाथिफोटोमीटर म्हणतात. १९५०च्या दशकात जॉर्ज क्लार्क वगैरे मंडळींनी प्रकाशमापक दोराला बांधून खोल समुद्रात सोडले. खोलवर सूर्याचा उजेड किती पोहोचतो हे बघायचं होतं, तर मध्येच जिवंत ठिणग्या दिसायला लागल्या. पुढं लक्षात आलं की यंत्र हलतं म्हणून आजूबाजूचे जीव पेटतात. म्हणजे बोट हलतेय, दोर हलतोय, आणि आपण आपल्याच धक्क्याचा उजेड मोजतोय! मग लोकांनी धक्काच नेमका करून टाकला. यंत्रातल्या बंद काळोख्या खोलीत पंपानं पाणी ओढायचं, दाराशी जाळी किंवा फिरती पाती ठेवायची, प्रत्येक पेशीला सारखाच झटका बसेल असं बघायचं, आणि आतल्या सगळ्या ठिणग्या ट्यूबनं मोजायच्या. पेशी एकदाच आत येते, पेटते, बाहेर जाते. त्यामुळे तुमच्या डावाच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीचा घोळच उरत नाही.

मीटरवाला_मिरज

मॅडम, म्हणजे ही टीएमटीच की! हृदयाच्या पेशंटला पट्ट्यावर चालवतात, प्रत्येकाला तोच वेग, तोच चढ. बसल्या जागी ईसीजी काढून कळत नाही म्हणून. एवढं सोपं मला एकोणीस वर्षं पट्टे दुरुस्त करून सुचलं नाही.

दोन बादल्यांत एवढा फरक का पण? पाच पावलांचं अंतर होतं फक्त.

प्लवकवाली_रत्नागिरी

टीएमटी! हे मी आता वर्गात वापरणार.

बादल्यांचं असं की नॉक्टिल्युकाच्या पोटात अमोनियाचं पाणी असतं, त्यामुळे ती हलकी असते आणि वर तरंगते. वारा आणि प्रवाह तिला दुधावरच्या सायीसारखी एका बाजूला लोटतात. एका बादलीत साय आली, दुसरीत नुसतं दूध. म्हणून एका जागी एकदा मोजून काही ठरत नाही. पाच-सहा ठिकाणी, वरचं पाणी आणि हातभर खालचं पाणी वेगवेगळं मोजा. बरोबर एक मिलिलिटर मावणारी काचपट्टी आणि साधा मायक्रोस्कोप असेल तर पेशी मोजून ठेवा, त्याही जिवंत असतानाच, कारण फॉर्मेलीन वगैरे घातलं की त्या आक्रसून जातात. तुमच्या ओळखीत मायक्रोस्कोपला तोटा नसावा.

आणखी एक. सगळी चमक नॉक्टिल्युकाचीच असते असं नाही. तांदळाच्या कणीएवढे कवचवाले जीवही असतात, त्यांची चमक सेकंद-दोन सेकंद रेंगाळते. तुमचं हेड दर १० मिलिसेकंदाला काउंट देऊ शकत असेल तर ठिणगीचा आकार बघूनच कोण पेटलं ह्याचा अंदाज येतो. एका सेकंदाची बेरीज घेतलीत तर सगळं गोधडीत जाईल.

देवगडचो_झील

अरे मीटरवाल्यानू, आमका ह्या काय नवीन नाय. रातीक वल्ह्याक पाणी लागला की पेटता. पाणी पेटला की जाळा पाण्यात दिसता आणि मासो जाळा बगून पळता. आजो तेवा जाळा घालीतच नसे, घराक येवन निजा. तुमी बालदी दणकन मारल्यात काय पाण्यात? तशी मारू नको. काठ वायच तिरको करून हलक्या हातान पाणी येवंक देवा. पुढच्या टायमाक येतलास तर सांगा, होडी आसा.

प्लवकवाली_रत्नागिरी

झील, बादलीचा सल्ला शंभर टक्के बरोबर. दणकन मारली की पहिली ठिणगी मोजायच्या आधीच गेली.

अपशिंगेकर_खलाशी

साताऱ्याहून बोलतोय. आमच्या गावात घरटी एक जण फौजेत, मी एकटा नेव्हीत शिरलो म्हणून वडील वर्षभर बोलले नाहीत. असो.

रात्री डेकवरून मागं बघितलं की जहाजाच्या मागचा पट्टा निळसर दुधाळ दिसायचा, लांबपर्यंत. कधी डॉल्फिन शेजारून गेला तर अख्ख्या डॉल्फिनची आकृती पाण्यात काढल्यासारखी. सुंदर दिसतं, पण नेव्हीवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण जे आपल्याला दिसतं ते वरून विमानालाही दिसतं. जगभरातल्या नौदलांनी ह्या मोजमापावर पैसा घातला तो उगीच नाही.

मीटरवाल्यांना एक वेगळी गोष्ट सांगतो. ढवळल्याशिवाय चमकणारा समुद्रही असतो. जानेवारी १९९५मध्ये लिमा नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज सोमालियाजवळून जाताना सगळा समुद्र क्षितिजापर्यंत दुधासारखा पांढरा दिसला, खलाशांना वाटलं बर्फावरून चाललोय. दहा वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या तारखेची उपग्रहाची रात्रीची जुनी चित्रं उकरली तर तो डाग सापडला, १५,४०० चौरस किलोमीटरचा. आपला सांगली जिल्हा साडेआठ हजाराचा. २०१९मध्ये जावाच्या दक्षिणेला एक लाखाहून मोठा डाग उपग्रहाला दिसला आणि त्यातून एक शिडाची बोट गेली होती, तिच्यावरच्या लोकांनी फोटो काढले. बोटीचं नाव काय असावं? गणेशा! म्हटलं, बाप्पा तिथंही हजर.

प्लवकवाली_रत्नागिरी

खलाशीकाका, मस्त. फक्त एवढं जोडते की तो दुधाळ समुद्र जिवाणूंचा मानला जातो. ते ठिणगी टाकत नाहीत, मंद आणि सतत जळतात, म्हणून उपग्रहाला रात्रभर दिसतात. नॉक्टिल्युका सेकंदाच्या दहाव्या भागात आटपते, तिच्यासाठी मीटरवाल्या दादांना ओलंच व्हावं लागणार.

निवृत्त_मास्तर_विटा

मंडळी, जीवशास्त्र झालं, आता थोडं माझ्या विषयाकडे या. पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय.

मीटरवाले, तुमच्या ट्यूबची निवड चांगली लागली आहे. ह्या जातीच्या ट्यूब निळ्याला तेज असतात आणि समुद्राची ठिणगी ४७०-४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळीच. लाल चमकणारा जीव असता तर पंचाईत होती.

काउंटर अडकला, कारण फोटॉन एकावर एक आले की ट्यूबला दोन ठोके एक वाटतात. आकडा आधी कमी पडतो आणि मग काहीच्या बाही येतो. उपाय तुमच्याच गल्लीत आहे. जुन्या एक्स-रे फिल्मचा पूर्ण काळा तुकडा कापा आणि ट्यूबच्या तोंडाशी बसवा. फार थोडेच फोटॉन पलीकडे जातील. मात्र नेमके किती जातात ते निळ्या एलईडीनंच मोजा, पांढऱ्या बल्बनं नको. फिल्मचा पाया निळसर असतो, रंगागणिक फरक पडतो.

आता काउंटचे फोटॉन कसे करायचे. तुमच्या टीएसएच मशीनवाल्यांचा आरएलयू (रिलेटिव्ह लाइट युनिट) हा त्या मशीनपुरता आकडा, बाहेर त्याला किंमत नाही. ल्युमिनॉल हे उजेड पाडणारं रसायन घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड, अल्कली आणि उत्प्रेरक म्हणून हिमिन घालून पूर्ण जाळला तर त्याच्या शंभर रेणूंमागे साधारण सव्वा फोटॉन बाहेर पडतो, हे फार पूर्वीच बारकाईनं मोजून ठेवलेलं आहे. एक पिकोमोल ल्युमिनॉल म्हणजे सहाशे अब्ज रेणू, त्यातून सुमारे साडेसातशे कोटी फोटॉन. तो तुमच्या खोलीत ट्यूबसमोर जाळा, संपेपर्यंतचे सगळे काउंट बेरजेला घ्या. समजा साडेसात कोटी आले, तर तुमची एका काउंटची किंमत शंभर फोटॉन. ल्युमिनॉलचा उजेड ४२५च्या आसपास असतो, समुद्राचा ४७५. ट्यूबच्या माहितीपत्रकातल्या आलेखावरून तेवढी दुरुस्ती करा. रक्तानंही ल्युमिनॉल पेटतो हे तुम्हाला माहीत असेलच, पण मोजमापाला रक्त नको, थेंबागणिक बदलतं.

मग पंपानं सेकंदाला किती लिटर ओढले ते मोजा. सेकंदाला इतके फोटॉन, भागिले सेकंदाला इतके लिटर. सेकंद सेकंदात गेला, उरलं लिटरमागे फोटॉन. सातवीचं गणित.

आणि हात जोडून सांगतो, त्या ट्यूबला हजारभर व्होल्ट असतात आणि तुम्ही खाऱ्या पाण्यात उभे. पाणी आणि ट्यूब ह्यांच्यामध्ये चिकटवून बंद केलेली अॅक्रिलिकची खिडकी पाहिजे. पाणी शिंपडेल असं काही ठेवू नका. व्होल्टेज चालू असताना झाकण उघडलंत तर आधी ट्यूब जाईल, मग तुम्ही.

मीटरवाला_मिरज

सर, ट्यूबचं माहीत आहे, एकदा एक गेलीय माझ्या हातून. दुकानात कोणी हाका मारतंय म्हणून झाकण उचललं आणि चौदा हजार गेले. गिऱ्हाईक चुकीच्या दुकानात आलं होतं, त्याला मिक्सर दुरुस्त करायचा होता.

तीन आठवडे झाले, आता कुठवर आलोय ते सांगतो. काळोख्या खोलीसाठी तीन इंची पीव्हीसी पाईपचा दहा इंची तुकडा घेतला, आत लिटरभर पाणी मावतं. आतून पांढरा ऑइलपेंट, म्हणजे ठिणगी कुठल्याही कोपऱ्यात पडली तरी उजेड फिरून ट्यूबपर्यंत यावा. दोन्ही टोकांना दोन-दोन एल्बो, ते आतून काळे. पाणी वळतं, उजेड वळत नाही. तोंडाशी ठिबकच्या फिल्टरची जाळी लावली, तीच झटका देणार. पंप आधी पुढं लावला होता, मग मॅडमचं बोलणं आठवलं. पंपातून जाताना सगळी पेटून संपली तर खोलीत काय येणार? म्हणून पंप मागं नेला, खोलीतून पाणी ओढून बाहेर टाकतो. पंप म्हणजे बाग फवारायचा बारा व्होल्टचा डबल मोटरवाला. बादली आणि मोबाईलचं घड्याळ लावून मोजलं, पाच सेकंदांना लिटर. म्हणजे पेशी आत पाच सेकंद राहणार, तिची ठिणगी सेकंदाच्या दहाव्या भागाची, वेळ भरपूर.

परवा भर दुपारी शटर उघडं ठेवून नळाचं पाणी फिरवून बघितलं. एका एल्बोवर चाळीस हजार काउंट, म्हणजे उजेड गळतोय. दुसरा एल्बो लावल्यावर ३०५. ट्यूबचे स्वतःचे ३०० सोडले तर पाच. एवढ्या पाच काउंटसाठी मी दुकानात एकटाच नाचलो.

एक्स-रे फिल्म शेजारच्या लॅबमधून आणली, कुणाच्या तरी छातीची निघाली. बरगड्या सोडून काळा भाग कापला. ल्युमिनॉल अजून यायचाय.

येत्या अमावास्येला देवगड. कॅन नेणार नाही, बायकोनं तो ज्वारीला घेतला. झीला, होडीचं काय घेणार ते आधीच सांग, आणि वल्हं हळू मार. बांगडा गावला तर बर्फाचा डबा आम्ही आणतोय.